प्रफुल्लवरची कविता

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्याच सुमारास गुलाबराव रेल्वेतून निवृत्त झाले. दर रविवारी बुद्धवंदना आटोपली की त्यांच्या पुढच्या खोलीत लिहिणारी-सांगणारी माणसं जमायची. गुलाबराव स्वतः काही लिहीत नसत, पण विचारायची त्यांना भारी हौस. "कविता सुचते तेव्हा मन ध्यानातल्यासारखं थांबते का हो?" नव्या मंत्रालयात कारकून असलेले कवी यशवंतराव अशा प्रश्नांनी खुलायचे. अभनपूरहून येणाऱ्या सत्यभामाबाई लोककथा सांगत. अशा प्रश्नांवर त्या नुसत्या हसत. गुलाबरावांची बायको सरला चहा आणता आणता ऐकत असे. मुलगा प्रफुल्ल मात्र दारातूनच "पापा, निकलता हूँ" म्हणून सिलतराच्या लोखंड कारखान्यात ड्यूटीवर जाई.

तिथंच एका दुपारी भट्टीतलं वितळलेलं लोखंड उसळलं आणि प्रफुल्ल गेला. ओळख पटवायला सरला शवागारात गेली. गुलाबराव दाराबाहेरच थांबले.

वर्षभरानं एका मोठ्या कविसंमेलनात यशवंतरावांनी प्रफुल्लवर कविता वाचली. आगीत तो फुललेल्या पळसासारखा उभा होता, असं तीत होतं. गुलाबराव सभागृहात रडले. घरी येऊन त्यांनी सरलाला ती ओळ ऐकवली.

"पळस?" सरला म्हणाली. "त्यायनं पाह्यलं का? मी पाह्यलं."

कविता गाजली. विहारात बाया सरलाचा हात धरून तीच ओळ म्हणत. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "आता डोये मिटले का पळसच दिसते. पोराचं तोंड आठवूनच नाही राह्यलं."

गुलाबराव यशवंतरावांकडे गेले. "ती कविता आता वाचू नका, भाऊ."

"अहो, त्या कवितेमुळे प्रफुल्ल लोकांच्या आठवणीत राहिला. हे काय कमी आहे?"

"लोकांच्या राह्यला. माह्या घरातून गेला."

यशवंतराव "बघतो" म्हणाले. पण त्याच हिवाळ्यात बिलासपूरला त्यांनी ती पुन्हा वाचली. त्यानंतर गुलाबरावांनी रविवारी दार उघडणं बंद केलं.

तरी सत्यभामाबाई एकदा आल्याच. "तूच सांग वं काही पोराचं," त्या सरलाला म्हणाल्या. सरलानं सुरुवात केली, "लहानपणी त्याले..." आणि पुढचं तिला काही आठवेना. बाईंनी गोष्ट सांगितली नाही, समजूतही काढली नाही. बसची वेळ होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.

पुढे दोनेक वर्षांत गुलाबरावही हृदयविकारानं गेले. यशवंतराव आले तेव्हा सरला दारातच बसली होती.

"या. पण ह्यायच्यावर काही लिहू नका."

यशवंतरावांनी हात जोडले. मग ते बाहेर उभ्या असलेल्या माणसांत जाऊन मिसळले. त्यांनी पुढे लिहिलं की नाही, हे सरलानं कधी कोणाला विचारलं नाही.