रजिस्टरातलं चौदावं पान

"चपला बाहेर काढा सगळ्यांनी. आणि तू हात धुऊन ये. साबणानं."

चपला सगळेच काढत. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा तो नियमच होता. एसीची खोली, मशिनांवर प्लास्टिकची कव्हरं, दाराशी चपलांची रांग. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. पण हात धुवायला सांगितलं ते मला एकटीला. वीस जणांसमोर. वर सर म्हणाले, "की-बोर्डला वास लागतो. नंतर दुसऱ्यांनाही बसायचं असतं."

मी गेले. हात धुतले. एकदा नाही, दोनदा धुतले. हे आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. परत आले तर सर म्हणाले, "दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. एकोणीस वर्षांची मी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. पहिलीतली पोर नखं दाखवते तशी उभी. सरांनी वाकून वास घेतल्यासारखं केलं आणि मान हलवली. दोघंतिघं हसले. मी जाऊन मशीनसमोर बसले आणि तासभर एकही अक्षर टाइप केलं नाही.

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. आई मासळी बाजारात बसते. सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी तिची पाटी भरून द्यायचे. हाताला वास असेलही. तो लपवायचा असतो हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी जर्मनीच्या एका विद्यापीठातून एक बाई आल्या. त्यांच्याकडचा एक विद्यार्थी आमच्याकडे येणार, आमच्याकडचा एक सहा महिने तिकडे जाणार, अशी योजना. मुलाखतीत बाईंनी खाडीतल्या तिवरांबद्दल विचारलं. पुस्तकातलं बाकीच्यांनी सांगून झालं होतं. मी चिखलाचं सांगितलं. ओहोटीला आजी गुडघाभर चिखलात उतरून बिळात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, कशा पकडते, निवटी तिवराच्या मुळावर कशी चढून बसते. बाई लिहून घेत होत्या. इंग्रजीचा शब्द अडला की मी फळ्यावर चित्र काढत होते. पंधरा मिनिटांची मुलाखत पाऊण तास चालली. निवड माझी झाली. दुसऱ्या क्रमांकावर सरांची भाची होती, माझ्याच वर्गातली.

योजनेचा कारभार लॅबच्या सरांकडे होता. कारण साधं. अख्ख्या कॉलेजात इंटरनेट एकाच मशीनवर, आणि ते मशीन सरांच्या काचेच्या केबिनमध्ये. बाईंचं कॉलेजला पत्र आलं, पाकिटावर माझं नाव. फोडलं सरांनी. आत माझ्या नावाचं खातं होतं. तिथलं हॉस्टेल, ग्रंथालय, विषयांची निवड, बाईंशी पत्रव्यवहार, सगळं त्या एका खात्यावरून करायचं होतं. लॉगिन आणि पासवर्ड पत्रात दिलेला. सरांनी कागद दुरून दाखवला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, "तुला हे झेपणार नाही. मी चालवतो तुझं खातं."

मी काय केलं असेल? थँक यू म्हटलं. घरी जाऊन आईला सांगितलं, सर किती करतात माझ्यासाठी. आईनं त्या रविवारी चार मोठी पापलेटं निवडली, पाण्याचा हात मारून पिशवीत घातली आणि मला सरांच्या नौपाड्यातल्या घरी पाठवलं. सरांनी दारातच घेतली. आत गेले, परत आले आणि म्हणाले, पुढच्या वेळी डबल पिशवी आण, जिन्यात वास येतो. पुढच्या वेळी मी डबल पिशवी नेली. त्याच्या पुढच्या वेळीही. सात रविवार.

दर सोमवारी विचारायचे, सर, काही आलं का? अजून नाही. आठव्या सोमवारी सरांनी मला केबिनच्या दारात उभं केलं. आत बोलवलं नाही. तुझं नाव कापलंय त्यांनी, म्हणाले. इंग्रजी कमी पडलं. आता आपल्या कॉलेजची सीट फुकट जायला नको म्हणून माझी भाची जाईल. तू मन मोठं कर.

मी रडले नाही. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. इंग्रजी कमी होतंच माझं. घरी आईला सांगताना मी सरांचीच बाजू घेतली.

गुरुवारी प्रॅक्टिकल होतं. लॅबमध्ये शिरताना रजिस्टरात सही करावी लागे. सह्या पुढच्या पानांवर. मागे प्रत्येकाचं एक पान, त्यावर वर्षाच्या सुरुवातीला आपला पासवर्ड लिहायचा, नंतर ते सहसा कुणी उघडत नसे. हाही सरांचाच नियम. कुणाचंही मशीन कधीही उघडून बघता आलं पाहिजे, असं ते म्हणत. त्यांना स्वतःला मात्र पासवर्ड लक्षात राहत नसत. हातात आला की ज्याच्या त्याच्या पानावर उतरवून ठेवायचे. सर त्या वेळी प्रिन्सिपलांकडे गेले होते. लॅबचा पासवर्ड आठवेना म्हणून मी माझं चौदावं पान उघडलं. वर माझ्या अक्षरात लॅबचा पासवर्ड. त्याच्या खाली लाल शाईत, सरांच्या अक्षरात, जर्मनीच्या विद्यापीठाचा पत्ता, माझ्या आडनावाचं लॉगिन आणि बदललेला पासवर्ड.

इंग्रजी अक्षरांत सहा अक्षरं. बोंबील.

दुसरं काहीही ठेवता आलं असतं त्यांना. माझ्या खात्याला कुलूप घालताना त्यांना हेच सुचलं. मी ते पान फाडलं. घडी करून मुठीत धरलं आणि बाहेर पडले. चपला पायात सरकवल्या आणि थेट नौपाड्यात गेले. तिथे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर नवंच सायबर कॅफे निघालं होतं. चालवणाऱ्या बाई आधी टायपिंगचे क्लास घ्यायच्या. मी त्यांना म्हटलं, मला येत नाही, फक्त आत जायचं कसं ते दाखवा. त्यांनी खुर्ची ओढून दिली. हात बघितले नाहीत. फोनची लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा लागली. पडद्यावर पान वरून खाली हळूहळू उतरत आलं.

माझ्या नावानं गेलेलं पत्र तिथेच होतं. अस्खलित इंग्रजी. मी जुन्या विचारांच्या मच्छीमार समाजातली असून माझं लग्न ठरलं आहे, घरचे परदेशी पाठवायला तयार नाहीत, तरी माझ्या जागी माझ्याहून हुशार अशा अमुक मैत्रिणीला घ्यावं. खाली माझं नाव. त्यावर बाईंचं उत्तर: वाईट वाटलं. विचार बदललाच तर शुक्रवारपर्यंत कळव, तोवर तुझी खोली मी सोडत नाही.

शुक्रवार म्हणजे दुसरा दिवस.

कॅफेच्या बाईंना विचारून मी आधी पासवर्ड बदलला. मग पत्र लिहायला बसले. एका बोटानं. माझं इंग्रजी मोडकं होतं, मोडकंच लिहिलं. लग्न ठरलेलं नाही. मागचं पत्र माझं नाही. निवट्या चिखलात कशा पकडतात ते फळ्यावर काढून दाखवणारी मी ती मुलगी. आजीच्या कुठल्या बोटाला निवटी चावली होती तेही लिहिलं, कारण ते मुलाखतीत मी फक्त बाईंना सांगितलं होतं. मी येणार आहे.

आईला सगळं सांगितलं. ती कोयत्यावर सुरमई कापत होती. हात थांबला. म्हणाली, "आपला म्हावरा खाल्ला त्यानं, न् वास तुझ्या हाताला?" एवढंच. मग उरलेली सुरमई कापली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: खोली तुझीच आहे, ये. कॅफेत चारही पत्रं छापून घेतली आणि कॉलेजला गेले. लॅबमध्ये सर शिकवत होते. मी चपलांसकट आत गेले.

"चपला," सर म्हणाले.

मी फळ्यापाशी उभी राहिले आणि त्यांनी माझ्या नावानं लिहिलेलं पत्र मोठ्यानं वाचलं. माझ्या उच्चारांत. समाज, लग्न, हुशार मैत्रीण, सगळं. भाची मान खाली घालून बसली होती. तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. सरांनी कागदासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "पासवर्ड बदललाय सर. आता रजिस्टरात लिहिणार नाही."

प्रिन्सिपलांनी मला बोलावून प्रकरण मिटवायला सांगितलं. सरांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत, मुलीसारखी आहेस तू. मी लेखी तक्रार दिली. तिचं पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. सर केबिनमध्ये तसेच बसत राहिले.

मी गेले. तिथल्या कॉम्प्युटर हॉलमध्ये पोरं बूट घालून बसायची, एका हातात सँडविच, दुसरा हात की-बोर्डवर. पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? आधी बेसिन शोधलं. नळ सोडला आणि तेव्हा कळलं की मी काय करतेय. नळ बंद केला. तेव्हापासून की-बोर्डला हात लावण्याआधी मी कधी हात धुतलेले नाहीत.

परत येऊन आता वर्ष होत आलं. परवा कॉलेजातून पत्रिका आली. सर निवृत्त होताहेत, सत्कार आहे. पत्रिकेवर छापलंय, कोळीवाड्यातल्या मुलीला परदेशी पाठवणारे द्रष्टे गुरू. आणि त्या मुलीनं चार शब्द बोलावेत अशी सरांची खास इच्छा आहे म्हणे.

मैत्रिणी म्हणतात, जाऊ दे, म्हातारा झाला. पण सत्काराच्या सकाळी आईची पाटी मीच भरायची, हे आमचं दोघींचं न बोलता ठरलंय.

चौदावं पान माझ्याजवळ आहे. लाल शाई जराही फिकी झालेली नाही. पहिल्या रांगेत सरांचे नातेवाईक बसतील, त्यांना वाचता येईल एवढं मोठं करून घेतलंय. मी चपला घालून स्टेजवर चढणार. हात न धुता. आधी पत्र वाचणार, मग पासवर्ड. आणि शेवटी हार घालायला सरांच्या जवळ जाईन तेव्हा दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरणार आणि म्हणणार, "बघा."

होकार मी कालच कळवलाय.