घरचा हात

आमच्या बॅचमध्ये माझे हात प्रसिद्ध होते. कोपराच्या खळगीत दोन्हीकडे अशा ठसठशीत शिरा, की कोणीही डोळे झाकून टोचावं. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला सुरुवातीला आम्ही एकमेकांचंच रक्त काढून शिकायचो, तेव्हा सगळी पोरं माझ्यापुढे रांग लावायची. "आला रे म्युनिसिपालिटीचा नळ!" म्हणायची. मीही हसून बाही वर सारायची. सगळे माझ्यावर शिकले, तरबेज झाले. मी मात्र कोरडीच राहिले.

वर्गात कसंबसं निभावलं. खरी वाट लागली ती अंधेरीच्या एका लॅबमध्ये ट्रेनिंगला गेल्यावर. पहिल्याच सकाळी एक उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या काकू माझ्या वाट्याला आल्या. सुई आत गेली, रक्त येईना. मग जे अजिबात करायचं नसतं तेच मी केलं, सुई आतल्या आत फिरवत बसले. बाहेर काढेपर्यंत त्यांच्या हातावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. "ही शिकाऊ आहे ना? मला नको हिच्याकडून," त्या भरल्या वेटिंग रूममध्ये ओरडल्या. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्या दिवसापासून पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला की मला ते टेंगूळच दिसायला लागायचं.

लॅबचा नियम साधा होता. दोनदा टोचायचं, नाही जमलं तर बाजूला व्हायचं. मी रोज बाजूला होत होते. इन्चार्ज मॅडम रागावत नसत, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एकदा त्यांनी मला आत बोलावलं. "शनिवारपर्यंत बघते गं. नाही जमलं तर ट्रेनिंगच्या कागदावर मी सही नाही करू शकत. पेशंटच्या हातावर प्रयोग नाही ना करता येत."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. बारावीला काठावर पास झालेली मी, घरात भांडून हा कोर्स घेतला होता. हे सुटलं तर दुसरं काही हातात नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मरून जावं असंही एकदोनदा वाटून गेलं.

त्या आठवड्यात मला माणसं दिसेनाशी झाली. रिक्षावाल्याने हँडल धरलं की मी त्याच्या मनगटाकडे बघायची. दहिसरच्या मार्केटमध्ये भाजीवाली पिशवी पुढे करायची आणि मी तिच्या हाताच्या शिरा मनातल्या मनात टोचत उभी राहायची. घरी सलाइनची नळी स्पंजमध्ये खुपसून तिच्यावर सराव करायची. नळी कधी चुकली नाही. नळीला दुखत नाही ना! गणपतीला नवस बोलले, आणि त्याच रात्री त्याच्याशी कडाकडा भांडलेही.

मॅडमनीच सुचवलं. "घरचं कोणी असेल तर घेऊन ये. शुगर, हिमोग्लोबिन करून देऊ असंच. घरचा हात असला की भीती कमी वाटते."

आईचे हात गुबगुबीत, शीर औषधालाही नाही. राहिले बाबा. बाबा सोसायट्यांमधली वायरिंगची कामं करतात, चालू लाइनला हात घालतात, पण सुई म्हटलं की पांढरेफटक पडतात. कोविडच्या लसीच्या रांगेतून चहाचं निमित्त काढून पळालेला माणूस हा. त्यांना विचारायची माझी हिंमतच झाली नाही. शुक्रवारी जेवताना तेच ताटात बघत आपल्या मालवणीत म्हणाले, "माझो हात चलात?"

शनिवारी ते लग्नाला घालतात तो शर्ट घालून आले. खुर्चीत बसले, डोळे गच्च मिटले. मी पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली. वायरी ओढून ओढून कमावलेला हात, शीर टरारून वर आली. मी सुई उचलली.

"लागूक नाय गो," बाबा म्हणाले.

सुई अजून टोपणात होती.

मॅडमनी तोंड फिरवलं, बहुतेक हसू लपवायला. मला हसू आलं नाही, चीड आली. दहिसरपासून अंधेरीपर्यंत हा माणूस एवढं एकच वाक्य घोकत आला होता.

पहिल्यांदा चुकलं. चपलेतली बाबांची बोटं आत वळलेली मला दिसली. "बाबा, मला नाही येत," मी म्हटलं.

"मगे शीक. मी हंयच बसलंय."

"डोळ्यांनी नको, बोटाने शोध," मागून मॅडम म्हणाल्या. मी दुसऱ्या हाताला पट्टा बांधला आणि बोट टेकवलं. कातडीखाली काहीतरी मऊ, भरलेलं लागलं. तिथेच टोचलं. सिरिंजमध्ये रक्त आलं. त्यानंतर आलेल्या आजोबांचंही आलं, त्यांच्यामागून आलेल्या मुलीचंही. दुपारी मॅडमनी सही केली.

बाबा तोवर बाहेरच थांबले होते. कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही वडापाव घेतला. अर्धा संपल्यावर ते म्हणाले, "झाली ना सही? आता सांगतंय. पयल्या टोचण्याक जीवच गेलो गो माझो."

आणि भर रस्त्यात, वडापाव हातात धरून, ते रडायला लागले. त्यांच्या कोपरातला कापसाचा बोळा मी उगाचच पुन्हा दाबून धरला.