मालवणबुवांची डबल बारी

लवू परबने उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या एका गिरणीत, साचेखात्यात काढली. एका छपराखाली शेकडो माग एकदम खडाखडा चालायचे. शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याच्या ओठांवरूनच ओळखायचं, की हा तंबाखू मागतोय की शिव्या देतोय. त्या आवाजाने लवूचे कान अर्धेअधिक कामातून गेले होते, पण त्याची तक्रार नव्हती. मग संप झाला, तो मिटलाच नाही, आणि गिरणीचं फाटक बंद झालं ते झालंच. सगळ्यांना पगाराची काळजी. लवूलाही होती, पण त्याहून जास्त त्याला छळायची ती शांतता. झोप म्हणून लागेना.

"घरात कोण मेला काय, असा वाटता," तो बायकोला, मंजुळेला म्हणायचा.

मंजुळा हिंदमाताच्या कापडबाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. हातातली सुई न थांबवता ती म्हणायची, "मग भांडूया काय? आवाज होतलो."

पुढे ओळखीतून लवूला शिवडीच्या एका गोदामावर वॉचमनचं काम मिळालं. दिवसपाळी, कापसाच्या गासड्या, आणि पुन्हा शांतता. एका दुपारी डबा खाऊन तो जरा टेकला, तोच मागच्या शेडमधून धडधड सुरू झाली. लवू ताडकन उठला. हा आवाज कानांच्या आधी त्याच्या तळपायांनी ओळखला. गिरणी सुरू झाली! गिरणी शिवडीत कशी सुरू होईल, हा विचार त्याच्या मनात आला तोवर तो धावत शेडपर्यंत पोचलाही होता. त्याने दार ढकललं.

आत चार पोरं होती. खांद्यापर्यंत केस, काळे टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला क्रूस. एक ड्रमवर, दोघं गिटारीवर, आणि उंचसा एक माईक धरून उभा. लवूला बघून सगळं थांबलं.

"अंकल, मालकाला विचारलंय आम्ही," उंच पोरगा घाईघाईने म्हणाला. हा दादरचा मेल्विन परेरा.

"मग थांबलात कित्याक? वाजवा!"

लवू एका गासडीवर बसला, मागे रेलला आणि पहिलं गाणं संपायच्या आत घोरायला लागला.

पोरांचे चेहरे पडले. आधीच त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. ड्रमवाल्या अँसेल्मचा मामा बोटीवर कामाला होता. त्याने अमेरिकेहून कॅसेट आणल्या होत्या, हेवी मेटलच्या. गिटारी कानठळ्या बसवणाऱ्या, गाणारा जीव जात असल्यासारखा किंचाळणारा, आणि शब्द मात्र सगळे येशूचे. पोरं त्या गाण्यांनी वेडावली आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला, 'होसाना हॅमर'. चर्चमधल्या आंटी म्हणाल्या, ही सैतानाची गाणी. कॉलेजातली मेटलवाली पोरं म्हणाली, ही तर संडे स्कूलची गाणी. दोन्हीकडून हाकललेली मंडळी अशी शिवडीला येऊन पडली होती.

लवू जागा झाला तेव्हा मेल्विनने विचारलं, "अंकल, एवढे बोअर झालो आम्ही?"

"बोअर? अरे बाबा, संप झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती! उद्या कधी येताय?"

'होसाना हॅमर'ला पहिला भक्त मिळाला तो असा. त्याने नाव ऐकलं ते 'उसना हॅमर', आणि ते खोटंही नव्हतं. गिटारीपासून वायरींपर्यंत बँडकडे जे होतं ते सगळं उसनं होतं. लवूला इंग्रजी येत नव्हतं. मेल्विनच्या ओठांवर 'जीझस' तेवढा ओळखू यायचा, आणि त्याला तेवढं पुरे होतं. देवाचं नाव आहे ना, मग भजनच की! पोरांनी त्याला एक टी-शर्ट दिला. तो घालून तो घरी गेला तेव्हा मंजुळेच्या हातातली साडी खाली पडली.

"ह्या काय?"

"भजनाचो ड्रेस."

त्या साली दत्तजयंतीला लवूच्या चाळीच्या पटांगणात डबल बारी ठरली होती. दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात. एक गातागाता सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच उत्तर देतो, आणि लोक दोघांनाही चढवतात. एका बाजूला चाळीचे दगडूबुवा, दुसऱ्या बाजूला वरळीच्या बीडीडी चाळीतले उत्तमबुवा. पटांगण भरलं, आणि ऐनवेळी वरळीहून निरोप आला की उत्तमबुवांचा घसा बसलाय. मंडळाचे अध्यक्ष शामराव घामाघूम झाले.

लवू पुढे झाला. "माझ्या ओळखीचे बुवा आहेत. शिवडीला. आता बोलावतो."

"नाव काय?"

"मेल्विनबुवा."

गर्दीच्या कालव्यात शामरावांनी ऐकलं, मालवणबुवा. "मालवणचे? मग बघतोस काय, बोलाव!"

थोड्या वेळाने टेम्पो आला. शामरावांनी माईकवरून खणखणीत आवाजात पुकारलं, "आपल्या भेटीला येत आहेत, सुप्रसिद्ध मालवणबुवा, शिवडीकर!" टाळ्या पडल्या, आणि स्टेजवर ते चौघे चढले. टाळ्या मध्येच विरल्या. शामरावांनी लवूकडे असं पाहिलं, की बहिऱ्यालाही ऐकू जावं.

"केस बघा," लवू म्हणाला, "साधूसारखे आहेत."

दगडूबुवा मुरलेले गडी. त्यांनी पेटी ओढली आणि पहिलाच सवाल टाकला, की बुवा, तुझा गुरू कोण, आणि तो जन्मला कुठे?

मेल्विनने माईक घेतला. "आमचा गुरू सुताराचा पोरगा," तो म्हणाला. "जन्मला गुरांच्या गोठ्यात."

"वा!" पुढून कोणीतरी दाद दिली. चाळीतल्या शेवंताआजींनी गोठा म्हणजे गोकुळच समजून हात जोडले. आणि मग अँसेल्मने ड्रमवर काठ्या आपटल्या.

चाळीच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. पाळण्यातली पोरं एकदम रडायला लागली. बायकांनी पदर कानांवर ओढले. दगडूबुवांनी पेटी पळून जाईल म्हणून की काय, दोन्ही हातांनी धरली. पण पुढच्या रांगेत बसलेले म्हातारे सगळे साचेखात्यातले होते. ते माना डोलवायला लागले. त्यांच्यातले धोंडूनाना उभे राहून ओरडले, "शाबास! इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा भजन ऐकू आलं!"

हे दगडूबुवांच्या मृदंगवाल्याला, रघूला झोंबलं. त्याने मृदंगावर थाप मारून अँसेल्मला जबाब दिला. अँसेल्मने परत फेकला. रघूने बाह्या सरसावल्या. ही झटापट रंगात आली, तेवढ्यात फट्ट आवाज झाला आणि चाळीचा फ्यूज उडाला. दिवे गेले, गिटारी मुक्या झाल्या. उरले देवापुढच्या समया, मृदंग, ड्रम आणि टाळ. मेल्विनने माईक खाली ठेवला आणि छाती फोडून आरोळी दिली, "हालेलूया!"

मग दगडूबुवांनीच तो शब्द उचलला आणि गजराच्या चालीत बसवला. सगळं पटांगण त्यांच्यामागून गाऊ लागलं. शामराव आधी हात हलवून थांबवत होते, नंतर त्यांच्याच हातात टाळ दिसले.

"बारी बरोबरीची!" शेवटी दगडूबुवांनी निकाल दिला. "फक्त फ्यूज शिवडीकरांनी बसवून द्यायचा." अँसेल्मने बसवला.

लवूने मंजुळेला भीतभीत विचारलं, "कसा वाटला?"

"बोंबलतत नुसते," ती म्हणाली, "पण उपाशी आसत बिचारे," आणि चौघांच्या पानावर दुसऱ्यांदा शिरा वाढला.

ही बातमी दादरच्या चर्चमधल्या फादर आल्बनपर्यंत गेली. त्यांनी पोरांना बोलावून घेतलं. "दत्ताच्या मांडवात गायलात, मग माझ्या हॉलमध्ये का नाही?" ह्याच हॉलमधून आंटींनी त्यांना काढलं होतं, ते फादरना कोणी सांगितलंच नव्हतं. हॉल मिळाला, अट एकच, कोणीतरी जबाबदार वडीलधारा माणूस हजर पाहिजे.

वडीलधारा म्हणून लवू गेला. डोक्यावर गांधी टोपी, अंगात काळा टी-शर्ट. मागे दगडूबुवांचं सगळं मंडळ. एका आंटीने त्याला इंग्रजीत विचारलं, की ह्या गाण्यांत तुम्हाला नेमकं काय आवडतं? लवूने तिच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं, "दोन चमचे साखर." आंटीने चहा आणून दिला.

बँड फार टिकला नाही. अँसेल्म मस्कतला गेला. मेल्विनला वसईला बँकेत नोकरी लागली, आणि केस कापायच्या आधी तो मुद्दाम लवूला भेटून गेला. लवूची झोप पुन्हा उडाली. मग एका संध्याकाळी तो दगडूबुवांकडे गेला आणि म्हणाला, मला मंडळात घ्या, मी झांज वाजवतो. बुवांनी घेतलं. आधी तो पेटीजवळ बसायचा. मग त्याला मृदंगाच्या मागे बसवला, मग अगदी कडेला, मांडवाच्या खांबापाशी. आता तो मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून वाजवतो, आणि आतले लोक तिथूनही त्याला हळू वाजवायला सांगतात.