तिसऱ्या दिवशीचं इंजन

विहिरीवरचं डिझेल इंजन माझ्यामुळं बंद पडलं, असं बिडकीनच्या सासरी ठरलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझी पाळी आलेली, पहिलाच दिवस. धुणं धुऊन झाल्यावर मी इंजनाच्या खोलीत सावलीला टेकले, एवढाच माझा गुन्हा. दुपारी इंजन बंद पडलं. दिरानं टाकीत डिझेल ओतलं, हँडल मारमारून हाताला फोड आणले, पण ते काही सुरू होईना. मग त्याला माझं सावलीला बसणं आठवलं. नाचता येईना अंगण वाकडं.

खंडेनवमीला आपण इंजनाला हळदकुंकू वाहतो, त्याला विटाळ कसा चालेल, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला. मला तर ओसरीच्या कडेला बसवलंच होतं, आता विहिरीकडं फिरकायचं नाही म्हणून बजावलं. उस्मानपुऱ्याचा मेस्त्री आठवडाभर येणार नव्हता. इकडं मोसंबीची बारीक फळं गळायला लागली आणि प्रत्येक फळ माझ्या नावानं पडत होतं. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना दीर बोलून गेला की टाकी पार कोरडी झाली होती. मला हसूच आलं. पडेगावला माझ्या वडिलांची पिठाची गिरणी डिझेलवरच चालायची. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय कितीही डिझेल ओता, इंजन ढिम्म हलत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ती सरळ विहिरीवर गेले. सासूबाई आणि दीर ओरडत मागं आले. पण शिवायचं नाही म्हटल्यावर मला धरणार कोण? मी पान्यानं इंजनाच्या डिझेल पंपाजवळचा नट सैल केला. आधी नुसता फेस आला, मग डिझेलची सलग धार लागली. नट आवळला, हँडल घातलं आणि दोन दिवसांचा राग काढून फिरवलं. इंजन दणक्यात सुरू झालं.

सासूबाईंनी हात जोडले. देव पावला म्हणाल्या.

"आत्याबाई, माझा आज तिसराच दिवस हाय," मी म्हणाले. "बंद करू का?"

त्यांनी पाटाकडं पाहिलं. पाणी मोसंबीत शिरत होतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या घरात मी कधीच बाहेर बसले नाही.