साखरबाईची पाथरी

निमोण्यात साखरबाईसारखं खुरपणारी दुसरी बाई नव्हती, आणि तिच्याइतकी बडबडी तर नव्हतीच. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पण तिच्या घरात भाजीचा खाडा कधी पडला नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपताना निघालेला तांदुळजा, चिवळ, पाथरी ज्या बाईच्या खुरप्याखाली येईल तिची. संध्याकाळी बाया ओटी भरून घरी जात. तण कुणी न्यावं यावर गावात कधी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

यंदा लेक रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना आणि चेहरा पांढराफटक. रक्त आठच भरलं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि अंडी, कडधान्य, पालेभाजी खाऊ घाला म्हणून बजावलं. साखरबाईनं मजुरीत बसवून पाहिलं. अंडी आठवड्यातून दोनदा, मटकीची उसळ दिवसाआड. पालेभाजीचं म्हणाल तर ती हसलीच.

"पाल्याला काय तोटा हाय व्हय? रोज घालते."

त्याच सुमाराला तालुक्याला रानभाज्यांचा मेळा भरला. साखरबाई ज्यांच्या रानात खुरपायची त्या भिमाजीआप्पांची सून नीलम बचत गटाची अध्यक्ष. तिनं साखरबाईला गाडीत घालून नेलं आणि हातात माईक दिला. मग काय विचारता! पाथरी कशी निवडायची, लसूण किती, शेंगदाण्याचं कूट कधी घालायचं, सगळं सांगून झालं. इथं थांबली असती तर बरं होतं. पण पुण्याची माणसं टाळ्या वाजवत होती, आणि उभ्या जन्मात तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. तिनं ठिकाणंही सांगून टाकली. आमच्या आप्पांच्या हिरीच्या बांधाला अशी पाथरी येती की बघत ऱ्हावं, म्हणाली. नीलम शेजारी उभी राहून ऐकत होती.

आठ दिवसांत नीलमच्या ओट्यावर क्रेट आले. भाजी पुण्याच्या सोसायट्यांत जाऊ लागली. तिचं पाहून इतरांनीही बांध राखले, आणि ज्यांना ती कटकट नको होती त्यांनी तणनाशक मारलं. साखरबाईला नीलमनंच कामावर घेतलं. भाजी ओळखणारं दुसरं होतं कोण?

पहिल्या संध्याकाळी साखरबाई सवयीनं ओटी भरून निघाली.

"मावशी, ओटी तेवढी क्रेटात झटका," नीलम गोड आवाजात म्हणाली. "ऑर्डर कमी पडतीय."

"वैनी, पोरीला रक्त न्हाई. मूठभर नेते."

"मग जुडी घ्या की. बाहेर चाळीसला हाय, तुम्हांला तीस."

साखरबाईनं ओटी झटकली. लुगड्याला चिकटलेली पानंसुद्धा एकेक काढून टाकली. मग मजुरीतले तीस रुपये मोजून तिनं स्वतःच तोडलेलं तण विकत घेतलं. त्या रात्री तिला नीलमचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा आला.

जुडी रोज कुठली परवडायला? पहिल्यांदा अंडी बंद झाली, मग उसळ पातळ झाली. महिन्याभरानं नर्सबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. साडेसात. त्या साखरबाईवरच तापल्या.

"मावशी, पालेभाजी तरी घालायची. फुकट उगवते ती आपल्याकडं."

रुपाली मान खाली घालून बसली होती.

परतताना फाट्यावर नीलमची गाडी थांबली. पुण्याला मोठा मेळा होता, साखरबाईनं बोलायला यावं असं तिचं म्हणणं होतं. माणसं नाव काढतात तुमचं, म्हणाली.

"कुठल्या कुठल्या भाज्या राहिल्यात अजून, त्या सांगा तिथं."

रुपालीनं आईकडं पाहिलं. साखरबाईला अजून सतरा भाज्या ठाऊक होत्या. येत्या पंधरवड्यात गायरानाच्या कडेला काय उगवणार तेही ठाऊक होतं.

"मला काय ठावं न्हाई, वैनी," ती म्हणाली. "सगळं गवतच दिसतं मला."