तात्यांच्या बॉनेटवरचा करडा पट्टा

"हे कुणी केलं?" तात्यांनी बॉनेटवर बोट ठेवून विचारले.

बोटाखाली वीतभर लांबीचा करडा पट्टा होता. बाकीची गाडी काळीभोर. माझ्या बीडच्या दुकानात त्या वेळी चार माणसे उभी होती.

त्या पट्ट्याची हकीकत आज बीडपासून चौसाळ्यापर्यंत प्रत्येक गॅरेजात सांगितली जाते. म्हाताऱ्याने हट्टाने लोकरीचा पॅड लावला आणि रंग जाळला, असा तिचा सारांश. सांगणाऱ्यांपैकी एक सोडला तर कोणीही त्या दुपारी हजर नव्हते. मी चाळीस वर्षे गाड्यांना पॉलिश केले आहे. तेव्हा खरे काय घडले, ते मीच मांडणे योग्य.

तात्या हे चौसाळ्याकडचे पुढारी. त्यांचे थोरले बंधू अण्णा हे त्यांच्याहून मोठे पुढारी. आमच्या भागात धाकटा भाऊ गाडी घेतो, तेव्हा तिच्यावर थोरल्याचे नाव लावतो. तात्यांनीही बॉनेटवर हातभर अक्षरांत 'अण्णा' लावले होते. काही वर्षांनी भावांचे बिनसले. तात्यांनी स्टिकर ओरबाडून काढला, पण नाव गेले नाही. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला, भोवतालचा उडालेला. अक्षरे पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागली.

"उद्या पाटोद्याला मेळावा हाय," सकाळी गाडी लावताना तात्या म्हणाले. "अण्णाच्या इरोधात भाषण करायचं, आन् गाडीवर अण्णा. लोक हसतेल, उस्ताद."

"बॉनेट नव्याने रंगवा. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस कुठून आणू? घासून काढा."

"सोळा आणे जाणार नाही. बारा आणे जाईल."

"चालतंय. लांबून दिसलं न्हाई म्हंजी झालं."

इथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. गाडीच्या पत्र्यावर आधी करडा प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे काचेसारखा पारदर्शक थर. लोक समजतात की पॉलिश करणे म्हणजे वर काहीतरी चढवणे. तसे नाही. आम्ही तो वरचा थर किंचित खरवडून सपाट करतो. तो थर कागदासारखा पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. म्हणून सगळी अक्कल मशीनला लावायचा पॅड निवडण्यात आहे. लोकरीचा पॅड सर्वांत वेगाने कापतो आणि सर्वांत लवकर तापतो. तो खोल ओरखड्यासाठी. कडक फोम बेताने कापतो. मऊ फोम फक्त शेवटची चमक आणतो.

तात्यांच्या बॉनेटवरून दोन उभ्या धारा, म्हणजे पत्र्याच्या उठावदार कडा, जात होत्या. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. मी दोन्ही धारांवर मास्किंग टेप लावली आणि कडक फोम निवडला. लोकर नव्हे. हे मी शपथेवर सांगतो.

दुपार उलटेपर्यंत अक्षरांची केवळ सावली उरली. असरची नमाज जवळ आली होती. तात्यांचा ड्रायव्हर दाराशी बसला होता. माझा मुलगा इरफान शेजारी उभा होता. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पुण्याच्या मोठ्या दुकानात काम करून परत आलेला. पाटोद्याच्या आपल्या गाळ्यांपैकी एक त्याला देण्याचे तात्यांनी कबूल केले होते. त्या शब्दावरच तो परत आला होता.

"आल्यावर मी मऊ फोम फिरवतो," मी म्हणालो. "तोवर हात लावू नको. टेपला तर मुळीच नाही."

"बरं, अब्बा."

लोकर लागली की मशीनचा आवाज जड होतो. नमाज संपवून परतताना गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज आला. मी वयाच्या मानाने पुष्कळ वेगाने चाललो. दुकानात पोचलो तेव्हा मशीन थांबले होते. टेपचे गोळे जमिनीवर पडले होते.

"टेप कावून काढली?"

"टेपच्या बाजूनं अक्षराची काळी रेघ राहायलती. ड्रायव्हरनं तात्याला फोटो पाठवला. ते फोनवर म्हणले, आजून दिसायलंय की, कावून टाइमपास करायले बे. मग मी..."

मी पट्ट्यावर हाताची पालथी बाजू ठेवली. तवा असतो तसा पत्रा तापलेला होता. क्लिअर कोट गेला होता, रंग गेला होता. दिसत होता तो प्रायमर.

एवढ्यात तात्या आले, आणि सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला गेला. ड्रायव्हरने मान फिरवली. इरफान आपल्या चपलांकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते. त्याने कबूल केले असते, तर गाळा गेला असता. आणि गाळा गेला असता, तर तो पुन्हा पुण्याला गेला असता.

"माझ्या हातून झालं," मी म्हणालो. "लोकर लावली. अंदाज चुकला."

"म्हातारे झालात, उस्ताद," तात्या म्हणाले. "आता पोराला करू द्या."

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर झेंडा पसरून ती गाडी मेळाव्याला गेली. इरफानला गाळा मिळाला. माझ्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. हे सारे मी समजून उमजून पत्करले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. परवा मी पाटोद्याला गेलो. इरफान एका गिऱ्हाइकाला पॅड दाखवत होता.

"आमचे अब्बा जुन्या वळणाचे," तो सांगत होता. "समद्याला लोकरच लावायचे. तात्याची गाडी तशीच जाळली. न्हाई का, अब्बा?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तिथे लाज नव्हती, थट्टा नव्हती, काही लपवल्याची खूणही नव्हती. त्याला खरोखर तसेच आठवत होते.

"होय," मी म्हणालो.

गिऱ्हाईक हसले. इरफानने चहा मागवला. मी तो प्यालो आणि मिळेल त्या गाडीने बीडला परतलो. दुकानाचे शटर त्यानंतर उघडलेले नाही. तो लोकरीचा पॅड आत खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या लोकरीच्या मुळाशी प्रायमरची करडी पूड अजून आहे, पण ती कोणाला दाखवावी, असे कोणी उरलेले नाही.

या धंद्यात जे नव्याने येतील, त्यांच्यासाठी एवढेच. धारेवरची टेप काम पुरते संपेपर्यंत काढू नये. आणि काम अर्धे सोडून नमाजला जायचे असेल, तर लोकरीचा पॅड पिशवीत घालून सोबत न्यावा.