खळीचं पाणी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. नुसता कान लावला की कुठला दोर ताणलाय, कुठली पुली झिजलीय, हे त्याला कळायचं. जिभेला तर हाडच नव्हतं. मध्येच अडकलेल्या लिफ्टमधली माणसं रडकुंडीला आली की तो वरून ओरडायचा, "घाबरू नका. लिफ्ट अडली तर उशीर होतो, बायको अडली तर उपास घडतो." बायको पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. हा विनोद तिला चार ठिकाणांहून ऐकू यायचा आणि ती चारही वेळा रागावल्यासारखं करायची.

एकसष्टाव्या वर्षी, एका सकाळी बूट घालता घालता तो उजवीकडे कलंडला. पक्षाघात. प्राण वाचले, पण उजवा हात-पाय गेला आणि शब्द तोंडात घोळू लागले. "जिवावरचं शेपटावर निभावलं," मोठी नणंद म्हणाली. बायकोलाही तसंच वाटलं. तिने काम सोडलं आणि पलंग खिडकीशी ओढला.

पण सुटका इतक्यात नव्हती. दोन महिन्यांनी लघवीच्या नळीतून जंतू चढले आणि नऊ दिवस हॉस्पिटल झालं. घरी येऊन श्वास टाकते न टाकते तोच छाती भरली. घास चुकीच्या वाटेने फुप्फुसात उतरतोय, असं निघालं. तेव्हापासून पाणीसुद्धा पावडर कालवून, घट्ट करून चमच्याने द्यायचं, अशी सक्त ताकीद मिळाली.

वॉर्डातली आया त्याला बघून म्हणायची, "आलात का उस्ताद माहेरपणाला?" तो अर्ध्या तोंडाने हसायचा. ते घट्ट पाणी मात्र त्याला घशाखाली उतरेना.

"खळ," तो म्हणायचा. "खळ... पाजतेस मला."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी ना?"

"चहा दे. साधा."

सहा आठवडे ती नाही म्हणत राहिली. एका दुपारी तो काहीच मागेना, नुसता भिंतीकडे तोंड करून पडला. मग ती उठली, चहा केला, निववला, त्याला ताठ बसवलं आणि चमच्याने पाच घोट दिले. त्याने डोळे मिटले. ठसका लागला नाही. "छान झालाय चहा," तो इतकं स्वच्छ बोलला, की तिला हुंदका आवरेना.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला.

हॉस्पिटलात तिने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "बाई, त्यांची स्वतःची लाळही छातीत उतरते. चहामुळेच झालं, असं मी म्हणू शकत नाही. चहामुळे नाही झालं, असंही म्हणू शकत नाही."

तिची मुलगी शेजारीच उभी होती. "आई, एवढं बजावून सांगितलं होतं तुला."

उस्तादने डाव्या हाताने तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "मी... मागितला. तिला बोलू नकोस."

तरी पुढचे कित्येक दिवस मुलगी आईशी कामापुरतंच बोलत होती. आईनेही आपली बाजू मांडली नाही. काय सांगणार? तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

अन्नासाठी नाकातून नळी घालायला त्याने मानेनेच नकार दिला. त्या खेपेला तो सावरला, घरी आला. पाच आठवड्यांनी पुन्हा छाती भरली. या वेळी कुणी माहेरपण म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती त्याची दाढी करत होती. डावा गाल झाला होता. मुलगी पाण्याचं भांडं धरून उभी होती. सिस्टर आली, तिने मनगट धरलं, मग मानेशी बोटं टेकवली. "मावशी," ती हळूच म्हणाली, "थांबा जरा."

बायको थांबली. डॉक्टर येऊन गेले. मग तिने वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला आणि उजव्या गालावर सावकाश फिरवू लागली. कुणी तिला अडवलं नाही.

"आई," मुलगी भांडं जवळ आणत म्हणाली, "हनुवटीखाली राहिलंय थोडं."